कुंबळहट्टीची काशी

सोमूअण्णांना पत्ता विचारू नये. मी एकदा विचारला होता. गडहिंग्लजच्या पुढे फाटा चुकला म्हणून फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "सरळ या. विजापूरचा दरबार लागंल, तिथनं डावीकडं वळा. म्होरं राजगडाची माची हाय, ती सोडून द्या. दिल्ली आली की थांबा. मी हाय तिथं."

मी गाडीतून उतरून इकडेतिकडे बघितलं. डाव्या हाताला सोसायटीचं बंद पडलेलं खताचं गोदाम होतं. हेच विजापूर. पुढे दगडाच्या खाणीचा उभा कडा लागला. तो राजगड. आणि दिल्ली म्हणजे एका मठाची कमान. तिच्या सावलीत एक गृहस्थ उकिडवे बसून कागदातलं भडंग खात होते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि पायात एवढ्या जुन्या चपला, की त्या कुठल्याही मालिकेत कुठल्याही शतकात चालल्या असत्या.

"या पावणं," ते म्हणाले. "लढाई मोठी हाय का बारकी?"

मी तेव्हा एका ऐतिहासिक मालिकेसाठी जागा ठरवायचं काम करत होतो. कोल्हापूरच्या माळावर आमचा सेट होता, पण सगळा इतिहास प्लायवूडमध्ये बसत नाही. घाट, खिंड, नदीचा काठ आणि कैदखाना अशा गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात, आणि त्या सोमूअण्णांकडे मिळायच्या.

सोमशेखर घुगरे हे त्यांचं पूर्ण नाव. वय बासष्ट. गाव कुंबळहट्टी, नेसरीच्या अलीकडचं. तीस वर्षं त्यांनी टेम्पोतून गुळाच्या ढेपा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोहोचवल्या. त्या तीस वर्षांत जिल्ह्यातली एक भिंत, एक विहीर, एक पार त्यांनी बघायचा सोडला नाही. बारा वर्षांपूर्वी रस्त्यात कुणा शूटिंगवाल्यांनी त्यांना हात दाखवून विचारलं, "जुनी भिंत कुठे मिळेल?" अण्णांनी उलट विचारलं, "किती जुनी पायजे?" त्या दिवसापासून गूळ कमी झाला आणि इतिहास वाढला.

आमचं जमलं. मी जयसिंगपूरच्या शाळेत शिकलेला, म्हणून त्यांनी माझं नावच 'जयसिंगपूर' ठेवलं. "ए जयसिंगपूर, चहा घेणार व्हय?" माझ्या आईवडिलांनी बारसं करून ठेवलेलं नाव त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

अण्णांच्या डोक्यातला नकाशा वेगळाच होता. कळंब्याच्या तलावाचा एक काठ म्हणजे यमुना. आमच्या जयसिंगपूरच्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत आग्र्याचा कैदखाना. मी एकदा म्हणालो, "अण्णा, कळंब्याला खरा तुरुंग आहे. तो सोडून कैदखाना चाळीस किलोमीटर लांब कशाला?"

"खऱ्या तुरुंगाला रंग लई चांगला हाय," अण्णा म्हणाले. "तिथं कैदी उदास दिसंना."

रंग हा त्यांचा शत्रू नंबर एक. त्यानंतर विजेचा मीटर, पाण्याची निळी टाकी आणि कौलावरची टीव्हीची छत्री. या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे कडबा. टेम्पोत कायम ज्वारीच्या कडब्याच्या वीसेक पेंढ्या, थोडं गोणपाट, पोतंभर शेणी आणि दोन फुटके रांजण असायचे. मीटर दिसला की पेंढी उभी करायची. टाकी दिसली की गोणपाट टाकायचं. "इतिहास म्हंजे काय रं?" ते मला शिकवायचे. "ज्याच्यावर कडबा घातला, त्यो इतिहास." आमच्या मालिकेत मराठे, मोगल, आदिलशाही सगळ्यांच्या दारात सारखाच कडबा दिसायचा. एका प्रेक्षकाने पत्र पाठवून विचारलंही होतं, की त्या काळात वैरणीचा व्यापार एवढा तेजीत होता का.

गावात शिरल्यावर अण्णा आधी सरपंचाकडे जायचे नाहीत. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे जायचे. तिच्या उंबऱ्यापाशी बसून विचारायचे, "अव्वा, तू नांदायला आलीस तवा हितं काय काय नव्हतं, तेवढं सांग." मग म्हातारी बोटानं दाखवायची: तो खांब नव्हता, ते दुकान नव्हतं, ती भिंत नव्हती. अण्णा तिच्या बोटामागून कडबा लावत जायचे.

त्यानंतर जमलेल्या गावाला एक वाक्य ऐकवायचे. ते ठरलेलं होतं. "आमी येणार म्हणून रंग देऊ नगा. काय म्हंजे काय करू नगा."

हे सांगावं लागतं. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पहिला हात भिंतीला जातो. जत्रा आली, रंग. लग्न निघालं, रंग. नवी सून माप ओलांडणार, रंग. शूटिंगवाले तर सगळ्यांत मोठे पाहुणे. त्यांना काळ्या दगडासमोर उभं करायचं म्हणजे ताटात शिळी भाकरी वाढल्यासारखं.

अण्णांच्या घरी मात्र या सगळ्या कीर्तीला काडीची किंमत नव्हती. त्यांच्या पत्नी शांतादेवी, म्हणजे आमच्या शांताक्का, मला भाकरी वाढताना म्हणायच्या, "ह्यांना साऱ्या मुलखाच्या भिंती दिसत्यात. आमच्या मोरीची भिंत कलली हाय ती दिसत न्हाय."

"ती बी पन्नास वर्षांची हाय, कलू दे," अण्णा म्हणायचे. "एखाद्या पडक्या बुरजाला उपयोगी येईल."

"मी तिच्याखाली घावले म्हंजे?"

"तर शूटिंग एक दिवस थांबवू की."

अशा घरात मी दीड वर्ष जेवलो. पण अण्णांनी त्यांची खरी जागा मला दाखवली ती गेल्या डिसेंबरात.

ते मला कुंबळहट्टीच्या कल्लेश्वराच्या तळ्यावर घेऊन गेले. इतके दिवस गावात येत होतो आणि त्यांनी हे कधी दाखवलं नव्हतं. तीन बाजूंनी काळ्या दगडाच्या बावीस पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, चौथ्या बाजूला बुटकं देऊळ आणि समोर नंदी. पाणी हिरवट, पण जिवंत. एक वायर नाही, एक मीटर नाही. कडब्याची एक पेंढी लागली नसती.

मी रागावलोच. "अण्णा, ही जागा लपवून ठेवलीत? मी बारा गावं माणसं हिंडवली!"

"लपवलीच हुती," अण्णा म्हणाले. "मी दाखवलेल्या अकरा जागा झाल्या. त्यांतल्या चारच उरल्यात. शूटिंग झालं की गावाला वाटतंय आपली जागा भारी हाय. भारी हाय म्हणल्यावर फरशी बसवत्यात. म्हणून हे कुणाला दाखवलं न्हवतं."

"मग आज का दाखवताय?"

त्यांनी पायरीवर बसून सांगितलं. गावाला लग्नासाठी सभागृह हवं होतं. पोरींची लग्नं दुसऱ्या गावच्या हॉलात लावावी लागत होती, आणि सरपंच बाळासोंना त्याचा मनापासून त्रास होत होता. गावठाणात मोकळी जागा नाही, बाकी सगळा ऊस. तेव्हा बाळासोंनी तोड काढली होती, की तळ्यात खांब उभे करायचे, वर स्लॅब टाकायचा आणि स्लॅबवर हॉल बांधायचा. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात वर झाले की काम सुरू.

"पवायला शिकवताना माझ्या थोरल्या भावानं पाठीला भोपळा बांधून ह्याच पायरीवरनं मला ढकललं हुतं," अण्णा म्हणाले. "त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मीटरवर कडबा घालता येतोय, टाकीवर घालता येतोय. स्लॅबवर किती बी कडबा घाला, खालचं पाणी कुठनं दाखवायचं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टीव्हीत आलं तर गाव हात वर करायच्या आधी इचार करंल. तुझ्याकडं हितलं एखादं काम हाय का बघ. कसलं बी चालंल. बारकं असलं तरी."

इतक्या वर्षांत मालिकावाले अण्णांकडे मागायचे. अण्णा पहिल्यांदा मागत होते.

आमच्या दिग्दर्शकांना काशीचा घाट हवाच होता. एक म्हातारा सरदार काशीला जाऊन अस्थी विसर्जन करतो, असा दोन मिनिटांचा प्रसंग होता. मी त्यांना आणलं. त्यांनी पायऱ्या बघितल्या, दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "यातलं काहीही हलवू नका." जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला दिवस ठरला. शांताक्कांनी त्या दिवशी शेंगांच्या पोळ्या केल्या आणि अण्णांनी मोरीची भिंत बांधून द्यायचं कबूल केलं, एवढा आनंद होता.

त्या आठवड्यात दोन दिवस अण्णा आमच्याबरोबर कोल्हापुरात सेटवर होते. शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या टेम्पोतून गावात शिरलो, तर वेशीवर कमान. 'शूटिंगवाल्यांचे कुंबळहट्टी नगरीत सहर्ष स्वागत.' अण्णांनी ब्रेक मारला. पाटीवरचं वाचून झालं तरी गाडी तिथेच उभी. मग चालत निघाले, चालता चालता पळायला लागले.

पहिली पायरी भगवी होती. दुसरी पिवळी. तिसरी पोपटी. असं करत पार पाण्याला टेकेपर्यंत. देऊळ गुलाबी, कळस चंदेरी. नंदीला चकचकीत काळा रंग दिला होता आणि पांढरे डोळे काढले होते. तो आमच्याकडे दचकून बघत होता.

सरपंच बाळासो कोपरापर्यंत रंगलेले हात पुसत वर आले. "कसं वाटतंय अण्णा? अख्खं गाव दोन दिस राबलंय. ऑइल पेंट हाय, दोन दोन हात. पावणं येणार म्हणल्यावर त्यांना त्या काळ्या दगडावर बसवायचं व्हय?"

मी चिडून काहीतरी बोलणार होतो, तर अण्णांनी माझा दंड धरला. ज्या माणसाला हे तळं स्लॅबखाली झाकायचं होतं, त्यानेच ते दोन दिवस राबून रंगवलं होतं. अण्णांचं तळं वाचावं म्हणून नाही आणि बुडावं म्हणूनही नाही. पाहुणे येणार होते म्हणून.

"चुकी माझी हाय," अण्णा म्हणाले. "अकरा गावांत पहिलं हेच सांगतो. हितंच सांगायचं ऱ्हायलं. आपल्याच माणसांना काय सांगायचं, म्हणलं."

बाळासोंचा चेहरा उतरला. "म्हंजे... बिघडलं व्हय?"

"ह्या पायरीवर सरदार अस्थी घेऊन उतरणार हाय बाळासो. पोपटी पायरीवर तो काय रडणार? त्याला वाटंल कुणाच्या वरातीत आलोय."

घरून धावत आलेल्या शांताक्का डोक्याला हात लावून म्हणाल्या, "येन माडोदु आता?" अशा वेळी त्यांना कन्नडच येतं, मराठी सुचत नाही. आता काय करायचं, हा प्रश्न मलाही मराठीत सुचत नव्हता. एका दिवसात ऑइल पेंट खरवडून निघत नाही. मी दिग्दर्शकांना फोन लावायला खिशात हात घातला. शूटिंग रद्द, म्हणजे काशी रद्द, म्हणजे सव्वीस तारखेला स्लॅब.

अण्णा पायरीवर मटकन बसले, हात टेकून. उठले तेव्हा तळवा पिवळा झाला होता. त्यांनी तळव्याकडे बघितलं. मग दुसरा तळवा पोपटी पायरीवर टेकवला आणि तोही बघितला.

"ओला हाय," ते म्हणाले. "थंडी न् दवानं वाळलाच न्हाय. ए जयसिंगपूर, फोन ठेव. बाळासो, गुऱ्हाळ चालू हाय न्हवं?"

"हाय की."

"चुलाणाच्या मागं राखंचा ढीग असंल. गार राख, सगळी आणा. न् ओढ्याकाठची माती. बायकांना सांगा, चाळण्या घिऊन या."

पुढचे पाच तास मी जे बघितलं ते आमच्या कलादिग्दर्शकांनी बघितलं असतं तर त्यांनी अण्णांच्या हाताखाली नोकरी धरली असती. आधी चाळलेली माती, तिच्यावर चाळलेली राख. चिकट रंग ती पिऊन घेत होता. भगवी पायरी करडी झाली, पिवळी मातकट झाली. मग अण्णांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि पायऱ्यांवरून वरखाली चालवलं. "मधनं चाला, मधनं! कडंनं कोण चालतंय व्हय? तीनशे वर्षं माणूस मधनंच चालतोय." सगळ्यांत पुढे बाळासो होते, डोक्यावर राखेची पाटी घेऊन. हॉल पाहिजे हे खरं, पण पाहुण्यांसमोर गावाची शोभा व्हायला नको हे त्याहून खरं.

तळ्याच्या अगदी समोर धोंडुबाईंचं घर. वय ब्याऐंशी, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, जीभ मात्र सरळ. त्या सूप घेऊन सगळ्यांत वरच्या पायरीवर बसल्या आणि राख पाखडत म्हणाल्या, "जल्मभर राख झाडायला लावली, आता म्हातारपणी घालायला लावताय व्हय रं?"

देवळावर गोणपाटं गेली, कमान उतरली. नंदीचे डोळे काही केल्या जाईनात. शेवटी त्याच्यापुढे कडब्याच्या चार पेंढ्या रचल्या. नंदीसमोर कडबा, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी खरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आले. पायऱ्या उतरले, वाकले, बोट फिरवलं. "अण्णा, परवापेक्षा आज जास्त जुनं वाटतंय हो. हा पोत कसा आला?"

"तीनशे वर्षं लागली की सर," अण्णा गंभीरपणे म्हणाले. मागे बाळासोंना खोकल्याची उबळ आली.

प्रसंगात सरदाराच्या मागे एक म्हातारी यात्रेकरू बाई पाठमोरी बसून गंगेत पाणी सोडते, असं होतं. त्यासाठी कोल्हापुरातून आणलेल्या बाईंची पाठ फारच ताठ होती आणि भुवया कोरलेल्या होत्या. दिग्दर्शकांची नजर ओट्यावरच्या धोंडुबाईंवर गेली. त्यांना खाली आणलं, हातात तांब्याचा गडू दिला.

"आजी, ही काशी आहे असं समजायचं. गडूतलं पाणी हळूहळू पाण्यात सोडायचं. एवढंच."

"कुणाच्या नावानं सोडू?"

दिग्दर्शकांनी हातातली संहिता चाळून बघितली. "कुणाच्याही," ते म्हणाले.

धोंडुबाई एकेक पायरी टेकत खाली गेल्या. कॅमेरा फिरला. पुढे सरदार त्याचं लांबलचक वाक्य बोलला, मागे म्हातारीने पाणी सोडलं. दिग्दर्शकांनी कट म्हटलं. म्हातारीने गडू पुन्हा भरला, कपाळाला लावला आणि पुन्हा सोडला. मग तिसऱ्यांदा. सरदार मिशी काढून उभा होता, लाइटवाले वायर गुंडाळायला आलेले थबकले, आणि कुणीही तिला थांबवलं नाही. पाचव्या गडूनंतर ती वळली.

वर आल्यावर मी विचारलं, "काकी, पाच कशाला?"

"एक मालकाला. आईला न् बाला एकेक. एक थोरल्या लेकाला, त्यो बारका असताना गेला." त्या थांबल्या. "न् एक सासूला. तिला न्हाय घातलं तर वर गेल्यावर बोलंल."

पुढच्याच आठवड्यात तो भाग लागला. चावडीसमोर टीव्ही लावून गाव बसलं होतं. पडद्यावर अक्षरं आली, 'श्रीक्षेत्र काशी', आणि खाली आमचं तळं. दोन मिनिटांचा प्रसंग संकलनात अकरा सेकंदांचा झाला होता. त्यांतले चार सेकंद धोंडुबाईंची पाठ.

"गावाचं नाव कुठं हाय?" बाळासोंनी विचारलं.

"काशीच्या खाली कुंबळहट्टी लिवलं तर कोण रडंल का बाळासो?" अण्णा म्हणाले. पण घरी येताना मला हळूच म्हणाले, "अकरा सेकंदांनी स्लॅब थांबत न्हाय रं."

त्यांचं खरं होतं. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले, ग्रामसभा बसली, आणि विषय क्रमांक तीनवर हॉल होताच. अण्णा बोलायला उठले. इस्त्रीचा सदरा घातला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची गावं विकत घेईल असं बोलणारा माणूस स्वतःच्या गावासमोर चाचरला. "हे तळं जुनं हाय... तीनशे वर्षांचं..."

मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुमच्या तीनशे वर्षांची राख आमीच चाळलीया की!"

सगळी सभा हसली. बाळासोही हसले. अण्णाही हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यात अडकलं आणि ते खाली बसले. स्वतःच्या हातानं केलेलं त्यांच्याच अंगावर आलं होतं. खरं जुनं आणि राखेचं जुनं यांतला फरक आता कुणाला पटवणार?

"मग घ्यायचे का हात वर?" बाळासो म्हणाले.

"थांब रं."

धोंडुबाई. त्यांना उठायला वेळ लागला, पण सभेतून उठून गेलेली माणसंही तेवढ्यात परत येऊन बसली.

"काशीवर स्लॅब घालणार व्हय?"

"काकी, ती टीव्हीतली काशी," बाळासो समजुतीनं म्हणाले.

"न् मी पाणी सोडलं ते? ते बी टीव्हीत सोडलं? माझ्या मालकाला पोचलंय ते. सासूला पोचलंय. त्या राती... न्हाय, दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला तवा सपनात येऊन गेली, पहिल्यांदाच शिव्या न देता. आता तुमच्यापैकी कुणीतरी हितं म्होरं या, न् मला तोंडावर सांगा, की धोंडू, तुझा मालक अजून तहानल्याला हाय. या की. कोण येतंय?"

कोण येणार? मालक जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण गावात अजून त्यांच्या नावाला वजन होतं.

मग बायकांच्या बाजूने आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "मी बी मंगळवारी आईच्या नावानं सोडलं." दुसरी म्हणाली, "आमच्या दिरांनी सोडलं." भाग लागल्यापासून आठ दिवसांत निम्म्या गावाने तिथे गडू रिकामे केले होते, आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. शेवटी बाळासो म्हणाले, "आमच्या आईनं बी... परवा." मग मोठ्या आवाजात, "हॉल तर व्हायलाच पायजे. पण जागा दुसरी बघू. फाट्यावरचं खताचं गोदाम सोसायटीकडनं मागू की. पडूनच हाय."

हात वर झाले. विजापूर पडलं आणि काशी वाचली.

बाहेर आल्यावर मी अण्णांना म्हणालो, "तुमचा दरबार गेला हो."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. डोळे पुसत होते, राख गेली म्हणाले, जशी काही ती राख अजून उडतच होती. "तिथं आपल्या बाजूचं कोण हुतं?"

संध्याकाळी मी धोंडुबाईंच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, या श्रद्धेला नमस्कार करून यावं. वाकलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय रं, हॉल झाला असता तर लग्नात त्यो डबडा लावत्यात न्हवं, डीजे का काय?"

"लावतात की."

"न् माझं दार हे असं समोर." त्यांनी तळ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं. "पाणी पोचलंय ते खरंच हाय हां. पण निस्तं तेवढंच न्हाय." आणि मला शेंगा फोडायला बसवलं.

हे झालं जानेवारीत. परवा मे महिन्यात आमच्या दिग्दर्शकांनी नव्या मालिकेचं काम काढलं. त्यांना नर्मदेचा घाट हवा होता. मला म्हणाले, "तेच तळं. दोन दिवस. अण्णांना विचार." मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नर्मदा व्हय?" अण्णा म्हणाले. पलीकडे शांताक्का मोरीच्या भिंतीवरून काहीतरी बोलत होत्या. भिंत अजून कललेलीच होती. "नर्मदा दुसरीकडं दाखवतो. आजऱ्याच्या बाजूला एक डोह हाय, फस्कलास. एक मीटर हाय तिथं, पण बारका हाय. दोन पेंढ्यांत जाईल."

"अण्णा, सरांना तळंच हवंय. चार पेंढ्या नंदीपुढे टाकल्या की झालं."

ज्या माणसाने आग्रा वखारीत बसवला, यमुना कळंब्याला आणली आणि दिल्लीच्या सावलीत बसून भडंग खाल्लं, तो फोनवर घसा खाकरत होता.

"ते जमायचं न्हाय जयसिंगपूर," अण्णा म्हणाले. "सरांना सांग, बाकी सारा जिल्हा घिऊन जावा. ती काशी हाय."